राहायला आलेली

या पुस्तकाला प्रस्तावना लिहायचा मला काडीचा अधिकार नाही, आणि हे मी विनयाने म्हणत नाही. हे पुस्तक ज्या कुत्र्यांच्या निवाऱ्याबद्दल आहे, तिथूनच चार वर्षांपूर्वी मी एक कुत्रा घरी नेला आणि तेविसाव्या दिवशी परत आणून सोडला. तांबू त्याचं नाव. रंगाने तांबूस, निर्बीजीकरणाची खूण म्हणून कानाला खाच, वय पाच-सहा वर्षं. घरात तो शहाण्यासारखा राहिला. एकविसाव्या दिवशी आमचे मेहुणे आले, आणि झोपलेल्या तांबूला ओलांडून बाल्कनीत जाऊ लागले. त्याने डोळे उघडायच्या आधी त्यांची पोटरी धरली. पुढे इंजेक्शनांचा कोर्स, घरात दोन दिवस अबोला, आणि मग गाडी काढून मी पुणे-सोलापूर रस्त्याला लागलो.

गेट ताईंनीच उघडलं. वाटेत पाठ केलेलं स्पष्टीकरण मी सुरू केलं. ते त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. "त्याची ताटली आणलीत?" एवढंच विचारलं. आणली नव्हती. "उद्या आणून द्या. सवय झाली असेल त्याला." दुसऱ्या दिवशी ताटली द्यायला गेलो, आणि तेव्हापासून दर रविवारी जातो आहे.

मुखपृष्ठावर लेखिकेचं पूर्ण नाव आहे, पण तिथे येणारा प्रत्येक जण, अगदी दूधवालासुद्धा, त्यांना ताईच म्हणतो. मीही तेच म्हणेन. हे पुस्तक त्यांनी बसून लिहिलेलं नाही. अकरा वर्षांच्या वह्यांतून निवडलेल्या या नोंदी आहेत. कोण जेवलं, कोण जेवलं नाही, कुणाला जुलाब, कुणाची लघवी गढूळ, कुणाचं कुणाशी वाजलं. प्रकाशकांनी त्यांना 'थोडं भावनिक' लिहायला सांगितलं होतं, असं ऐकतो. सुदैवाने त्यांना वेळ झाला नाही.

मराठीत कुत्र्यांवर काही लिहायचं म्हटलं की प्रस्तावनाकार नामदेवांच्या तुपाच्या वाटीपासून सुरुवात करतो. ती गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून मी सांगत नाही. फक्त एक सांगतो. कुत्रं कोरडी भाकरी घेऊन पळालं, नामदेव तूप घेऊन त्याच्या मागे धावले, इथे गोष्ट संपते. त्या कुत्र्याचा दुसरा दिवस गोष्टीत नाही; गोष्टीला त्याची गरजही नव्हती. ताईंच्या वह्यांत मात्र सगळे दुसरे दिवसच आहेत.

इथली कुत्री कोण, ते आधी सांगायला हवं. ही रस्त्यावरची सर्वसाधारण कुत्री नव्हेत. रस्त्यावरचं धडधाकट कुत्रं पकडावं, त्याची नसबंदी करावी, रेबीजची लस टोचावी आणि जिथून उचललं तिथेच परत सोडावं, हा आपल्याकडचा रिवाज आहे आणि २००१पासून नियमही आहे. २०२३च्या नव्या नियमांनीही तो कायम ठेवला. एक पाय गमावलेलं कुत्रंसुद्धा तीन पायांवर गल्ली सांभाळतं, त्याला ताई इथे ठेवत नाहीत. पिल्लं दत्तक जातात. उरतात ती अशी, की ज्यांना परत रस्त्यावर सोडलं तर आठवडाभरात मरतील किंवा कुणाला तरी चावतील, आणि ज्यांना घरी न्यायला कुणी येणार नाही.

त्यांतली सर्वांत कष्टाची म्हणजे कणा मोडलेली. गाडीखाली आलेल्या कुत्र्याचा कणा पाठीच्या मध्यावर मोडला की मागचे दोन पाय जातात. हे सगळ्यांना दिसतं. मूत्राशय दिसत नाही. पुष्कळदा तेही पायांबरोबर जातं, म्हणजे भरतं पण आपणहून रिकामं होत नाही. भरून थोडं थोडं ओघळत राहतं, आणि बघणाऱ्याला वाटतं, कुत्रं मुततंय की. आत साचलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि मूत्रपिंडापर्यंत चढतात. म्हणून दिवसातून निदान तीनदा कुणीतरी त्याच्या मागे उभं राहून दोन्ही हात मांड्यांच्या पुढे, पोटाच्या दोन बाजूंना घालायचे, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं बोटांना लागेपर्यंत चाचपायचं, आणि मग सावकाश, न धसमुसळता, मागच्या बाजूला दाबत न्यायचं. धार लागते. ती थांबली तरी हात काढायचा नाही, दहा आकडे मोजून पुन्हा दाबायचं. शेवटचं चमचाभर उरतं तेच घातक, असं ताई म्हणतात. मला हे जमायला पाच रविवार लागले. सहाव्या रविवारी माझ्या हातून काळी नावाच्या कुत्रीचं मूत्राशय पूर्ण रिकामं झालं, तेव्हा तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुढे बघू लागली. तिच्या दृष्टीने त्यात विशेष काही नव्हतं.

आता हिशेब करा. दोन वर्षांचं कुत्रं कणा मोडून आलं आणि नीट निगा राखल्यामुळे आणखी दहा वर्षं जगलं, तर हे काम १०,९५० वेळा करायचं. दिवाळीच्या पहाटे, घरात लग्न असताना, स्वतःला ताप असताना. उचलून आणणारा माणूस ते काम एकदाच करतो; त्याचा व्हिडिओ निघतो, लोक रडतात, ते योग्यच आहे. बाकीचे १०,९५० व्हिडिओ कुणी काढत नाही.

चाकांच्या गाडीचंही तसंच. मागचं धड दोन चाकांवर टेकवून पुढच्या पायांनी सुसाट पळणारं कुत्रं पाहून छाती भरून येते. पण गाडीत त्याला बसता येत नाही, लोळता येत नाही, आणि पट्टे काखेत काचतात. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास, मग उतरवायचं. उरलेला दिवस ते जमिनीवर सरपटत काढतं. सरपटताना पंज्यांची वरची बाजू सोलवटते, आणि पावसाळ्यात त्या जखमेवर माशी बसली की दोन दिवसांत अळ्या. खाली काय अंथरायचं यावर या पुस्तकात सलग चार पानं आहेत. गोणपाट खरखरतो आणि ओला राहतो. फोमची गादी लघवी पिऊन घेते. प्लॅस्टिकवर घसरतं. शेवटी रबरी मॅट आणि तिच्यावर जुनी सुती चादर, दिवसातून दोनदा बदललेली. ही चार पानं मला साऱ्या पुस्तकात मोलाची वाटतात. मांडणीला कंटाळवाणी म्हणणारे भेटतील. त्यांनी एकदा अळ्या वेचून बघाव्यात.

डिस्टेंपरमधून वाचलेली कुत्री वेगळी. हा रोग बहुतेक पिल्लांना नेतो. मागे राहतात त्यांच्यातल्या काहींच्या मेंदूवर तो कायमची खूण ठेवून जातो. एखाद्याचा पाय, एखाद्याचा जबडा सतत लयीत उडत राहतो, झोपेतसुद्धा. वेदना असते असं दिसत नाही, पण पाहुण्यांना ते बघवत नाही. फिट येणाऱ्यांना रोज ठरल्या वेळी गोळी, ती चुकवायची सोय नाही. आंधळ्यांना त्यामानाने काही लागत नाही. पाण्याचं भांडं जागचं हलवू नका, एवढंच. मला वाटायचं, सगळ्यांत दया यावी अशी आंधळीच. ती तर इथली सुखवस्तू मंडळी निघाली.

मग म्हातारी. यांत गावठी फार नाहीत, कारण रस्त्यावर म्हातारपण येईपर्यंत जगणारी मुळात थोडी. इथे आहेत ती घरातली, लॅब्रेडोर, पॉमेरेनियन, एक पग. एकट्या राहणाऱ्या आजोबांचं निधन होतं, मुलगा परदेशातून तेरा दिवसांसाठी येतो, फ्लॅट विकायचा असतो, आणि बारा वर्षांच्या कुत्र्याचं काय करायचं ते मृत्युपत्रात नसतं. मुलगा वाईट असतो असं नाही. तो ताईंना फोन करतो तेव्हा रडतो. त्याचं विमान गुरुवारचं असतं.

आणि चावणारी, म्हणजे तांबूच्या जातीची. त्यांच्यासाठी कुंपणाला दोन गेटं, एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मधे सरकता दरवाजा, म्हणजे कुत्रं एका बाजूला असताना दुसरी बाजू धुता येते. माणसं ठरलेली, वेळा ठरलेल्या, आणि झोपलेल्याला कुणी ओलांडायचं नाही. एवढं पाळलं तर तांबू वर्षानुवर्षं कुणाला चावला नाही. 'दत्तक न जाणारा' हा शब्द म्हणूनच मला सोसत नाही. तांबूला खोड होती हे खरं. पण खोडीबद्दल मला आधी सांगितलेलं होतं, लिहूनही दिलेलं होतं. मला सांभाळता आला नाही तो मुख्यतः माझ्या घराच्या बोळकांडीमुळे आणि पाहुण्यांना काही न सांगण्याच्या माझ्या भिडेमुळे. ठपका कागदावर कुत्र्याच्या नावाने लागला.

मरेपर्यंत सांभाळायची ही कल्पना पाश्चात्त्य आहे, असं अलीकडे कुणी म्हणालं तर मला हसू येतं. आपल्याकडे पांजरपोळ होते. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले १६२३मध्ये खंबायतला आला, तेव्हा त्याने तिथे पाखरांचं आणि लुळ्यापांगळ्या जनावरांचं इस्पितळ पाहिलं. त्यातली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा, नाकावर चष्मा, समोर पेटीत कापसावर ठेवलेली उंदराची पोरकी पिल्लं, आणि तो त्यांना पाखराच्या पिसाने दूध पाजतो आहे.

मुंबईचा पांजरपोळ तर कुत्र्यांशी थेट जोडलेला आहे. कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला होता. १८३२च्या जूनमध्ये ऐन पारशांच्या पवित्र दिवशी मारेकरी कोटात कुत्र्यांमागे लागले आणि दंगल उसळली. मृतावर कुत्र्याची नजर पडणं, म्हणजे सगदीद, हा ज्यांच्या अंत्यविधीचा भाग, त्यांना तो प्रकार सोसवणारा नव्हता. हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही त्यांच्या बाजूने उतरले, पेठ बंद पडली. दोन वर्षांनी, १८३४मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि जैन शेठांनी भुलेश्वरला पांजरपोळ उभा केला. गोऱ्यांच्या गोळीपासून कुत्री-डुकरं वाचवावीत हा त्यामागचा एक हेतू होता. आज तिथे गेलं तर मुख्यतः गाई दिसतात.

पण पांजरपोळ हा शब्द मराठीत पुढे कसा वापरला गेला, तेही आठवा. कामातून गेलेली माणसं जिथे नुसती साठवून ठेवली आहेत अशा कचेरीला आपण पांजरपोळ म्हणतो. ते उगीच नाही. पुष्कळ पांजरपोळांत जनावर मारलं जात नसे, आणि तेवढ्यावर पुण्य पुरं होत असे. वाचवलेलं जनावर पुढे कसं जगतं, हे बघायला कुणी नव्हतं. ठेवणं आणि सांभाळणं यांतला हा फरक आजच्या निवाऱ्यांतही जसाच्या तसा आहे. जाऊन बघा: पन्नास कुत्र्यांची जागा, त्यात दीडशे, एक झाडूवाला नोकर, आणि कोपऱ्यात एक कुत्री स्वतःभोवती गोल गोल फिरते आहे किंवा पुढचा पंजा चाटून चाटून तिने मांस उघडं पाडलं आहे. कुत्रं हाल खाणार नाही असं आपण म्हणतो. तिथे कुत्रंच ते हाल खात असतं, आणि दारावर 'जीवदया' लिहिलेलं असतं.

परदेशातलं एकच उदाहरण देतो, कारण ते या विषयाला वळण देणारं ठरलं. २००७च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात मायकेल विक या नामांकित फुटबॉलपटूच्या जागेवर छापा पडला. तिथे कुत्र्यांच्या झुंजी चालत. पन्नासच्या आसपास पिट बुल जिवंत सापडली. तोवरचा शिरस्ता असा, की झुंजीतली कुत्री म्हणजे पुरावा. खटला संपला की ती मारायची. मोठमोठ्या प्राणिमित्र संघटनांचंही तेच मत होतं. या वेळी न्यायालयाने एकेका कुत्र्याची तपासणी करवली, आणि त्यांच्या पालनपोषणासाठी विककडून सुमारे ९ लाख २८ हजार डॉलर घेतले. त्यांतली सर्वांत अवघड समजलेली बावीस कुत्री यूटा राज्यातल्या कनाबला, बेस्ट फ्रेंड्स या १९८४पासून चाललेल्या आश्रयस्थानात गेली. बावीसपैकी निम्म्याहून अधिक पुढे लोकांच्या घरांत राहायला गेली. झुंजी जिंकलेला लुकास आणि माणसांची धास्ती घेतलेली मेरिल, या दोघांनी मात्र आयुष्यभर तिथेच राहावं असा न्यायालयाचा आदेश होता, आणि ती तिथेच राहिली, सांभाळली गेली, तिथेच गेली.

मला त्यात न्यायाधीशापेक्षा त्या पैशाचं कौतुक वाटतं. आयुष्यभराचा आदेश दिला तर आयुष्यभराची तरतूदही झाली पाहिजे, हे तिथे कुणाच्या तरी लक्षात होतं. आपल्याकडे ११ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं. सहा ते आठ आठवड्यांत पाचेक हजार कुत्र्यांसाठी जागा उभी करून सुरुवात करावी असं त्यात होतं. अकरा दिवसांनी मोठ्या पीठाने तो आदेश बदलला: नसबंदी, लस, आणि परत तिथेच, रेबीजची व आक्रमक सोडून. नोव्हेंबरात शाळा, इस्पितळं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायचा आदेश आला. लहान मुलांना चावे बसतात, रेबीजने माणसं मरतात, हा प्रश्न खोटा नाही, आणि कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्यांनी तो खोटा असल्यासारखं बोलू नये. पण 'निवाऱ्यात ठेवा' हे दोन शब्द उच्चारणाऱ्याने एकदा ताईंच्या वहीतला जमाखर्च वाचावा. एका कुत्र्याला महिन्याला तीन हजार रुपये धरा. चाळीस कुत्र्यांचे वर्षाला १४ लाख ४० हजार होतात. यात जमिनीची किंमत नाही. हजारांच्या संख्येने कुत्री आजन्म ठेवणं म्हणजे एक तर कोट्यवधींचा कायमचा खर्च, नाही तर वर सांगितलेला पांजरपोळ. आजन्म निवारा ही थोड्या कुत्र्यांची सोय आहे, आणि ती थोडीच राहावीत यासाठी रस्त्यावरची नसबंदी आणि लस नेटाने व्हायला हवी. ताईंच्या गेटवरची गर्दी गावातल्या नसबंदीच्या टेबलावर कमी होते.

ताईंच्या गेटवर पाटी आहे: 'सध्या जागा नाही.' चार वर्षांत ती एकदाही काढलेली मी पाहिली नाही. कुणी गेलं की एक जागा होते, आणि तिच्यासाठी वहीत नावं लिहिलेली असतात. या पाटीवरून ताईंना लोक नाही नाही ते बोलतात. काही जण रात्री येऊन गेटला कुत्रं बांधून जातात, सोबत बिस्किटाचा पुडा. एकदा मी म्हणालो, घ्या हो आणखी एक, काय फरक पडतो. त्यांनी बेचाळिसाव्या कुत्र्याची लघवी काढायची वेळ मला विचारली. रात्री साडेदहा, मी म्हणालो. त्रेचाळिसाव्याची तुम्ही सांगा, म्हणाल्या.

एका बाबतीत काही वाचक पुस्तक मिटतील, म्हणून आधीच सांगून ठेवतो. ताई दयामरण देतात. बरं न होणारा आजार किंवा जीवघेणी जखम असेल तर पशुवैद्याच्या निदानाने ते देता येतं, नियमांतही तशी तरतूद आहे. 'आजन्म' म्हणजे काही झालं तरी श्वास चालू ठेवायचा, असं मानणाऱ्या संस्था आहेत. मी अशा एका ठिकाणी पाठीला हाडापर्यंत जखमा पडलेलं कुत्रं सलाइनवर पाहिलं आहे, आणि त्याला माया म्हणायला मी तयार नाही. ताईंच्या नोंदींत अशा दिवशी ओळ छोटी असते. नाव, वेळ, डोकं कुणाच्या मांडीवर होतं ते. त्याखाली लगेच बाकीच्यांचं जेवण.

पुस्तकात उणिवा आहेत. एकाच नावाची तीन कुत्री आहेत आणि कोणता मोती कोणता ते कळत नाही. जमाखर्चाचं प्रकरण शेवटी टाकलं आहे. माझं ऐकाल तर ते पहिल्यांदा वाचा. स्वतःबद्दल ताईंनी काहीच लिहिलेलं नाही. त्यांचे गुडघे गेले आहेत, आणि त्यांच्यानंतर या सगळ्यांचं काय, या प्रश्नावर पुस्तकात एक अवाक्षर नाही. प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी दोन जणींची नावं सांगितली. दोघी सध्या मूत्राशय रिकामं करायला शिकताहेत.

तांबू गेल्या आश्विनात गेला. म्हातारपणाने, झोपेत. त्याची नोंद दोन ओळींची आहे. दुसऱ्या ओळीत लिहिलं आहे की ताटली पगला दिली.

पुस्तक वाचून तिथे जावंसं वाटलं तर आधी फोन करा आणि सकाळी जा. पिल्लू बघायला जाऊ नका, तिथे पिल्लं नसतात. बिस्किटं नेऊ नका. जुन्या चादरी न्या, धुतलेल्या, आणि सुती असतील एवढं बघा.